‘अनंत’ असते की मानलेले असते? अनंत, असंख्य, अगणित, अमर्याद

चर्चाप्रस्ताव

एका विज्ञानविषयक लेखाचे मुद्रितशोधन करताना एकाच पानावर दोन वाक्ये समोर आली. पहिले वाक्य असे होते : ‘विश्व अनंत असावे, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते.’ त्यानंतर काही परिच्छेदांनी दुसरे वाक्य आले : ‘अनंत ही निव्वळ गणिती कल्पना असून निसर्गात ती कोठेही आढळत नाही.’ लेखकांना विचारले तेव्हा दोन्ही वाक्ये आपापल्या जागी बरोबर आहेत, असे त्यांचे म्हणणे पडले. मला मात्र अशी शंका आहे की दोन्ही ठिकाणी ‘अनंत’ हा शब्द एकाच अर्थाने आलेला नाही. त्याच लेखात ‘असंख्य’, ‘अगणित’, ‘अपरिमित’ आणि ‘अमर्याद’ हे शब्दही एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले आहेत. या शब्दांमध्ये शास्त्रीय लेखनाला पुरेल असा भेद करता येतो का? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ‘अनंत खरोखर असते का’ हा प्रश्न मराठीत कसा मांडला म्हणजे त्याचे उत्तर देता येईल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : व्युत्पत्तीपुरते

‘अनंत’ हा नञ् बहुव्रीही समास आहे आणि ‘नाही अंत ज्याला ते’ असा त्याचा विग्रह होतो. बहुव्रीही असल्यामुळे तो मुळात विशेषण आहे. विष्णूचे आणि शेषाचे नाव, अनंत चतुर्दशीच्या व्रतातील चौदा गाठींचा दोरा, पांढऱ्या सुवासिक फुलाचे नाव ही सर्व त्या विशेषणापासून पुढे रूढ झालेली नामे होत. ‘अगणित’ आणि ‘अपरिमित’ या शब्दांची घडण वेगळी आहे. जे मोजले गेलेले नाही, ज्याचे माप घेतले गेलेले नाही, एवढेच ते सांगतात. म्हणजे ‘अनंत’ हा शब्द वस्तूविषयी काही सांगतो, तर ‘अगणित’ हा शब्द मोजणाऱ्याविषयी सांगतो. ‘असंख्य’ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो.

प्रतिसाद

वरील व्युत्पत्ती मान्य करूनच पुढे लिहितो, कारण ‘अनंत’ हे विशेषण आहे ही गोष्ट या प्रश्नाच्या मुळाशी आहे. विशेषणाला विशेष्य लागते. ‘अनंत असते का’ असे विचारताना आपण त्या विशेषणाला नाम करून टाकतो, आणि मग काय अनंत आहे व कोणत्या बाबतीत अनंत आहे, हे सांगण्याची जबाबदारी टळते.

ही जबाबदारी जुन्या भाष्यकारांनी टाळलेली नाही. तैत्तिरीय उपनिषदातील ‘सत्यं ज्ञानमनन्तं ब्रह्म’ या वचनावर भाष्य करताना शंकराचार्यांनी आनंत्य तीन प्रकारचे असते असे स्पष्ट म्हटले आहे : देशतः (जागेच्या बाबतीत), कालतः (काळाच्या बाबतीत) आणि वस्तुतः (दुसऱ्या कोणत्याही वस्तूने मर्यादित न होण्याच्या बाबतीत). त्यांचे उदाहरणही नेमके आहे. आकाश देशतः अनंत आहे, परंतु ते उत्पन्न झालेले असल्यामुळे कालतः अनंत नाही आणि वस्तुतःही अनंत नाही. तेथील सिद्धांताशी सहमत असणे वा नसणे हा वेगळा विषय आहे. पण ‘कशाने अनंत?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय हा शब्द वापरू नये, ही शिस्त मला आजच्या विज्ञानलेखनालाही आवश्यक वाटते.

आता रोजच्या मराठीकडे पाहू. ‘आकाशात असंख्य तारे आहेत’ असे आपण म्हणतो, परंतु नुसत्या डोळ्यांनी दिसणारे तारे काही हजारच आहेत. येथे ‘असंख्य’ म्हणजे ‘पुष्कळ, मोजण्याचा कंटाळा येईल इतके’. शाळेच्या भूमितीत मात्र ‘एका बिंदूतून असंख्य रेषा जातात’ असे वाक्य येते आणि तेथे ‘असंख्य’ म्हणजे ‘पुष्कळ’ नव्हे. तेथे रेषांची यादी कधीच संपणार नाही, असे सांगायचे असते. एकच शब्द दोन्हीकडे वापरल्यामुळे अनंत म्हणजे फार मोठी संख्या, असा समज मुलांच्या मनात घट्ट होतो. दृश्य विश्वातील अणूंची संख्या साधारणपणे १ वर ८० शून्ये इतकी सांगतात. ती कल्पनेपलीकडची असली तरी सांतच, म्हणजे अंत असलेलीच, आहे, आणि तिच्यात व अनंतात जेवढे अंतर आहे तेवढेच ५ या संख्येत व अनंतात आहे. वाजसनेयी संहितेत दहाच्या घातांची जी नावे दिली आहेत त्यांत ‘अन्त’ हे स्वतःच एका संख्येचे नाव आहे (१ वर ११ शून्ये) आणि त्याच्या पुढे ‘परार्ध’ येतो, म्हणजे त्या यादीत ‘अन्त’ आल्यानंतरही मोजणी थांबत नाही.

गणितापुरते बोलायचे तर ‘अनंत’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे न संपणारी क्रिया. कोणतीही संख्या घेतली तरी तिच्यात १ मिळवता येतो. कोणताही रेषाखंड घेतला तरी त्याचे दोन भाग करता येतात. ॲरिस्टॉटलने एवढेच मान्य केले होते. अनंत हे नेहमी ‘होत राहणारे’ असते, ‘झालेले’ कधीच नसते, अशी त्याची भूमिका होती. या प्रकाराला मी ‘संभाव्य अनंत’ म्हणेन. युक्लिडने मूळ संख्यांविषयीचा प्रसिद्ध सिद्धांत मांडताना ‘मूळ संख्या अनंत आहेत’ असे शब्द वापरलेले नाहीत. मूळ संख्यांचा कोणताही समूह तुम्ही समोर ठेवा, त्याहून अधिक मूळ संख्या असतात, असे त्याने म्हटले. या वाक्याला अनंताच्या अस्तित्वाची गरजच लागत नाही. गाउससारख्या गणितज्ञानेही १८३१ मधील एका पत्रात, अनंत राशीला पूर्ण झालेली वस्तू समजून वापरण्याला आपला विरोध नोंदवला होता; त्याच्या मते ‘अनंत’ ही सीमेविषयी बोलण्याची एक पद्धत होती. जॉन वॉलिसने १६५५ मध्ये वापरात आणलेले, आडव्या आठासारखे चिन्ह शाळा-महाविद्यालयात आपण याच अर्थाने वापरतो. ‘न अनंताकडे जातो’ असे म्हणताना न कोठेही पोहोचत नसतो. तो कोणत्याही दिलेल्या संख्येपेक्षा मोठा होतो, एवढाच त्या वाक्याचा अर्थ असतो.

दुसरी गोष्ट आहे ‘सिद्ध अनंत’, म्हणजे सर्व नैसर्गिक संख्या एकत्र घेऊन बनलेला, पूर्ण झालेला संच. येथे मोठी अडचण येते आणि ती गॅलिलिओने १६३८ मध्ये अचूक ओळखली होती. प्रत्येक संख्येला तिचा वर्ग जोडता येतो. मग वर्गसंख्या या सर्व संख्यांचा लहानसा भाग असूनही त्यांच्याइतक्याच ठरतात. यावरून ‘अधिक’, ‘उणे’ आणि ‘समान’ हे शब्द अनंत राशींना लावूच नयेत, असा निष्कर्ष त्याने काढला. गेऑर्ग कँटरने नेमका उलटा मार्ग घेतला. मंगल कार्यालयात प्रत्येक खुर्चीवर एक पाहुणा बसला आहे, एकही खुर्ची रिकामी नाही आणि कोणी उभा नाही, हे दिसले की खुर्च्या आणि पाहुणे न मोजताही आपण त्यांना समसंख्य म्हणतो. कँटरने हीच जोडी लावण्याची कसोटी अनंत संचांना लावली आणि १८७४ मध्ये असे सिद्ध केले की वास्तव संख्यांची नैसर्गिक संख्यांशी अशी जोडी लावताच येत नाही. १८९१ मध्ये त्याने कर्णरेषेची सोपी सिद्धता दिली : शून्य व एक यांच्यामधील दशांश अपूर्णांकांची तुम्ही कोणतीही यादी करा, पहिल्याचा पहिला अंक, दुसऱ्याचा दुसरा अंक, तिसऱ्याचा तिसरा अंक असे बदलत गेले की यादीत नसलेला अपूर्णांक हाती येतो. म्हणजे अनंत एकच नसून लहानमोठी अनंते आहेत. मानवी बुद्धीने केलेल्या कामांत याहून सुंदर काम मला फारसे माहीत नाही.

परंतु हे संच ‘असतात’ कोठे? १९०८ मध्ये त्सेर्मेलो यांनी संचसिद्धांताची गृहीतके मांडली, तेव्हा निदान एक अनंत संच असतो हे त्यांना वेगळे गृहीतक म्हणून लिहावे लागले, कारण इतर गृहीतकांमधून ते निघत नाही. म्हणून गणितात ‘अनंत संच असतो’ या वाक्यातील ‘असतो’ याचा अर्थ ‘असे मानले असता सुसंगत सिद्धांत उभा राहतो’ एवढाच घ्यावा. आणि ती सुसंगती त्याच सिद्धांताच्या आतून सिद्ध करता येणार नाही, हे गोडेल यांच्या १९३१ च्या निष्कर्षातून कळते. मात्र हे ‘केवळ कल्पना’ असे म्हणून उडवून लावण्याजोगे नाही. मानलेल्या गोष्टीतून काय निघावे, हे मानणाऱ्याच्या मर्जीवर नसते.

उपप्रतिसाद

आपले विवेचन आवडले, परंतु एक आक्षेप आहे. अनंताचा विचार युक्लिड, गॅलिलिओ आणि कँटर यांच्यापुरता का ठेवावा? भास्कराचार्यांनी बीजगणितात ‘खहर’ ही अनंत राशी स्पष्टपणे सांगितली आहे. जैन गणितात अनंताचे प्रकारही आहेत. म्हणजे सिद्ध अनंत आणि लहानमोठी अनंते हा विचार आपल्याकडे आधीच होता, असे म्हणता येणार नाही का?

उपप्रतिसाद

आक्षेप योग्य आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे, कारण येथेही एका शब्दाखाली वेगवेगळे अर्थ आहेत.

‘खहर’ म्हणजे ज्याचा हर, अर्थात छेद, ‘ख’ म्हणजे शून्य आहे अशी राशी. भास्कराचार्य तिला ‘अयमनन्तो राशिः’ असे म्हणतात आणि पुढे श्लोक देतात :

अस्मिन् विकारः खहरे न राशावपि प्रविष्टेष्वपि निःसृतेषु ।
बहुष्वपि स्याल्लयसृष्टिकालेऽनन्तेऽच्युते भूतगणेषु यद्वत् ॥

या राशीत कितीही मिळवले किंवा तिच्यातून कितीही काढले तरी तिच्यात बदल होत नाही. प्रलयाच्या आणि सृष्टीच्या वेळी असंख्य भूतगण अनंत अच्युतात शिरले वा त्यातून बाहेर पडले तरी त्याच्यात जसा बदल होत नाही, तसा. ११५० च्या सुमारास केलेले हे निरीक्षण अतिशय नेमके आहे. सांत राशी मिळवली असता अनंत राशी तशीच राहते, हा गुणधर्म आजही खरा आहे. सह्याद्रीच्या आश्रयाने राहिलेल्या आणि ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, अशा आचार्यांचा हा श्लोक मराठी शाळांत शिकवला जावा असे मला मनापासून वाटते.

तरीही ‘खहर’ आणि कँटरचे अनंत एक नव्हेत. ३ ला शून्याने भागून आणि ५ ला शून्याने भागून एकच अनंत राशी मिळत असेल, तर पुन्हा शून्याने गुणल्यावर ३ परत यावेत की ५, हे ठरत नाही. म्हणूनच आज शून्याने भागणे हे अव्याख्यात मानतात. भास्कराचार्यांना ही अडचण जाणवली असावी, असे लीलावतीतील एका उदाहरणावरून वाटते. एका राशीला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्ध मिळवले, तिनाने गुणले आणि शून्याने भागले तर ६३ येतात, राशी कोणती? उत्तर १४ आहे. पुढे क्रिया शिल्लक असताना गुणक शून्य लगेच अमलात आणायचे नाही, तसेच बाळगायचे, अशी त्यांची रीत आहे. शून्याकडे जाणाऱ्या राशीचे आजचे गणित जाणणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल, परंतु ती संभाव्य अनंताच्या बाजूची आहे. संचाच्या आकारमानाशी तिचा संबंध नाही.

जैन ग्रंथांतील विचार शब्दचर्चेच्या दृष्टीने अधिकच मोलाचा आहे, कारण तेथे ‘असंख्यात’ आणि ‘अनंत’ या दोन पारिभाषिक संज्ञा कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन वर्ग असून असंख्याताचे व अनंताचे परीत, युक्त इत्यादी पोटभेद आहेत. जंबुद्वीपाएवढे (जैन विश्ववर्णनातील प्रचंड द्वीपाएवढे) खड्डे मोहरीच्या दाण्यांनी भरण्याच्या वर्णनातून संख्याताची कमाल मर्यादा समजावून दिली जाते. मात्र तेथे कमाल संख्यातात एक मिळवला की किमान असंख्यात येते आणि कमाल असंख्यातात एक मिळवला की किमान अनंत येते. एकेक पायरी चढत जेथे पोहोचता येते ते आजच्या व्याख्येनुसार सांतच होय, मग ते कितीही प्रचंड असो. म्हणून ‘कँटरचा सिद्धांत आपल्याकडे आधीच होता’ हे विधान मी करणार नाही. मात्र वीरसेनांच्या धवला टीकेत दुसरीही एक कसोटी येते : एकेक काढत गेले असता जी राशी संपते ती असंख्यात, आणि जी संपत नाही ती अनंत. ही कसोटी पायऱ्यांवर अवलंबून नाही आणि ती आजही जशीच्या तशी स्वीकारावी इतकी स्वच्छ आहे. मूळ प्रश्नातील ‘असंख्य’ आणि ‘अनंत’ यांच्यातील भेदाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

प्रतिसाद

गणिताचे पटले. परंतु प्रस्तावकांचा प्रश्न निसर्गाविषयी होता. विश्व अनंत आहे का? कृष्णविवराच्या केंद्राशी घनता अनंत असते, असेही नेहमी वाचनात येते. मग निसर्गात अनंत आहे असेच म्हणावे लागेल ना?

उपप्रतिसाद

विश्वाच्या बाबतीत आधी ‘अमर्याद’ आणि ‘अनंत’ यांतील भेद पाहावा लागेल. पृथ्वीच्या पृष्ठभागावर कोठेही काठ नाही, कितीही चालले तरी कडा येत नाही. तो अमर्याद आहे. तरीही त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे सांत आहे. रीमान यांनी १८५४ मध्ये अवकाशाबाबत हा भेद केला आणि आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये अमर्याद परंतु सांत अशा विश्वाचे प्रारूप मांडले. मराठीत हे दोन शब्द पर्यायी म्हणून वापरले की हा सगळा विचारच हरवतो, म्हणून विज्ञानलेखनात तरी त्यांची अदलाबदल करू नये, असा माझा आग्रह राहील.

आता शंकराचार्यांचा ‘कशाने?’ हा प्रश्न येथे लावून पाहा. कालतः विचार केला तर आज बहुसंख्य शास्त्रज्ञांना मान्य असलेल्या प्रारूपात विश्वाचा ज्ञात भूतकाळ सुमारे १३८० कोटी वर्षांचा आहे. रात्री आकाश काळे का दिसते, हा ओल्बर्स यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न याच्याशी निगडित आहे : विश्व देशतः व कालतः अनंत, स्थिर आणि सर्वत्र ताऱ्यांनी भरलेले असते, तर कोणत्याही दिशेला पाहिले तरी दृष्टी एखाद्या ताऱ्यावर पडली असती आणि रात्रीचे आकाश झगझगीत दिसले असते. तसे दिसत नाही, म्हणजे या चारांपैकी निदान एक गोष्ट खोटी आहे. मराठी वाचकांना जयंत नारळीकरांच्या लेखनामुळे स्थिरस्थिती विश्वाची कल्पना परिचित आहे. ते विश्व अनादि आहे, परंतु स्थिर नाही, प्रसरणशील आहे, आणि म्हणून त्यातही रात्र काळीच राहते.

देशतः विचार केला तर आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची त्रिज्या सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे आहे. त्यापलीकडे काय आहे हे पाहता येत नाही. केवळ अवकाशाची वक्रता मोजून अनुमान करता येते. प्लांक उपग्रहाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इतर निरीक्षणांची जोड दिल्यास, ही वक्रता सुमारे ०.२ टक्क्याच्या अनिश्चिततेत शून्य येते. शून्य वक्रतेचे, म्हणजे सपाट, विश्व अनंत असू शकते, पण ते असलेच पाहिजे असेही नाही, कारण सपाट असूनही स्वतःवर परत येणारे सांत अवकाश शक्य असते. येथे एक विषमता आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष वेधत नाही. वक्रता धन आढळली, किंवा आकाशाच्या दोन दिशांना एकाच प्रदेशाच्या खुणा सापडल्या, तर विश्व सांत असल्याचा पुरावा मिळू शकेल. विश्व अनंत असल्याचा पुरावा मात्र कोणत्याही मोजमापातून मिळू शकत नाही, कारण मोजमापाचे उत्तर नेहमीच सांत संख्या असते आणि तिला त्रुटीची मर्यादा जोडलेली असते. त्यामुळे ‘विश्व देशतः अनंत आहे’ हे विधान खरे असू शकेल, परंतु ते सिद्ध झालेले आहे असे आपल्याला कधी म्हणता येईल असे मला दिसत नाही.

कृष्णविवराच्या केंद्रातील ‘अनंत घनता’ ही निराळी बाब आहे. अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५ चे समीकरण आणि पेनरोज यांचा १९६५ चा सिद्धांत यांवरून असे निघते की सामान्य सापेक्षतेच्या चौकटीत अशी अवस्था टाळता येत नाही. परंतु तेथे घनतेचे मूल्य ‘अनंत’ नावाची काही संख्या येते असे नव्हे. समीकरण तेथे मूल्यच देत नाही. भौतिकीत असे पूर्वीही घडलेले आहे. तप्त पोकळीतील प्रारणाची एकूण ऊर्जा जुन्या नियमांनी काढली असता अनंत येत होती. प्रत्यक्षात कोणत्याही भट्टीतून अनंत ऊर्जा बाहेर पडत नाही. चूक नियमात होती, आणि मॅक्स प्लांक यांनी १९०० मध्ये मांडलेल्या ऊर्जापुंजांच्या कल्पनेने ती दूर झाली. म्हणून ‘घनता अनंत असते’ असे न लिहिता ‘या सिद्धांतानुसार घनता वाढत जाऊन तिला मर्यादा राहत नाही आणि सिद्धांत तेथे लागू पडेनासा होतो’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण खरे राहते.

हिल्बर्ट यांनी १९२५ मध्ये म्युन्स्टर येथे अनंतावर दिलेल्या व्याख्यानात, वास्तवात अनंत कोठेही सापडत नाही असे म्हटले. आणि त्याच व्याख्यानात, कँटरने आपल्यासाठी निर्माण केलेल्या नंदनवनातून आपल्याला कोणीही हाकलू शकणार नाही, असेही म्हटले. या दोन विधानांत मला विसंगती दिसत नाही. पहिले विधान मोजल्या जाणाऱ्या वस्तूंविषयी आहे आणि दुसरे सिद्ध केल्या जाणाऱ्या गोष्टींविषयी. पहिल्याबाबत मी हिल्बर्ट यांच्याहून किंचित सावध राहीन : ‘सापडत नाही’ हे मान्य आहे, परंतु त्यावरून ‘नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

प्रस्तावकांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेखकांशी बोलून दोन्ही वाक्ये पुढीलप्रमाणे बदलण्याचे ठरवले आहे. पहिले : ‘अवकाश देशतः अनंत असावे, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते, आजवरच्या मोजमापांशी हे मत जुळते, पण मोजमापांनी ते सिद्ध होत नाही.’ दुसरे : ‘अनंत संच गणितात गृहीतक म्हणून स्वीकारलेले असतात, मोजून अनंत ठरलेली कोणतीही भौतिक राशी आजवर सापडलेली नाही.’ मोठ्या पण सांत संख्यांसाठी ‘प्रचंड’ किंवा ‘अगणित’ आणि ज्यातून काढत गेले तरी जे संपत नाही त्यासाठीच ‘अनंत’, असा नियम लेखभर पाळणार आहोत. ‘असंख्य’ हा शब्द मात्र शास्त्रीय परिच्छेदांतून पूर्ण काढून टाकावा, की वीरसेनांच्या अर्थाने, म्हणजे मोजणीच्या आवाक्याबाहेरचे तरीही संपणारे अशा अर्थाने, तो जाणीवपूर्वक वापरावा, यावर अद्याप आमचे एकमत झालेले नाही. त्याविषयी कोणाचे मत असल्यास अवश्य कळवावे.